आपल्या विदर्भात गाडीले टायर कोणता घ्यावा
राजेहो, टायर घेताना किंमत नंतर पाहा, आधी साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूवरचा, चार आकडी कोड वाचा, 2325 म्हणजे 2025 सालचा 23वा आठवडा, लय जुना माल असला तर सरळ नाही म्हणा. आपल्या इकडं मे मध्ये अकोला-चंद्रपूरले पारा 45 च्या वर जाते, म्हणून हवा सकाळी टायर थंड असतानाच चेक करायची, दारावरच्या स्टिकरवर आहे तेवढीच भरायची, "ऊन हाय, कमी भरतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, कमी हवेचा टायर जास्त दबते, जास्त तापते अन् मग फुटते. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती टायरच्या खाचांच्या नक्षीत अशी गच्च बसते का ब्रेक मारला तरी गाडी घसरतच जाते, तिथं मोकळ्या नक्षीचा ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचा टायर बरा. पण रोज समृद्धीनं नागपूर करणाऱ्यानं तो घेऊ नये, आवाज करते अन् डिझेल पिते. कायद्यानं 1.6 मिमी नक्षी चालते, मी तर 3 वरच बदलतो. विंटर टायर बर्फ अन् कडक थंडीसाठी असते, त्याचा विचारच सोडा. ऑटोक्रॉसची, म्हणजे मैदानात आखलेल्या वळणाच्या ट्रॅकवर वेळ लावून गाडी पळवायच्या स्पर्धेची हौस असंल तर आधी स्पर्धेचे नियम वाचा, मग मातीसाठी मजबूत साइडवॉलचा दुसरा सेट जुन्या रिमवर चढवून ठेवा, डांबरासाठीचा सॉफ्ट कंपाउंड, म्हणजे मऊ रबराचा टायर मातीत वाया जाते.