चित्रं दिली, पोच घेतली नाही

माझं पहिलं एकल प्रदर्शन पुण्यात, एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये भरलं. गॅरेजची आता गॅलरी झाली होती. पांढऱ्या भिंती, छताला ट्रॅकलाइट, दाराशी दोन कुंड्या आणि कोपऱ्यात फरशीवर ऑइलचा एक जुना डाग, काही केल्या न निघालेला. मी 11 चित्रं दिली होती. विषय गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या, माध्यम शाई आणि ग्राफाइट, कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला. 10 दिवसांत 3 गेली. उरलेली 8 "राहू देत गं इथेच, येता-जाता कोणी ना कोणी विचारतंच" असं गॅलरीच्या मालकीणबाई म्हणाल्या म्हणून तिथेच राहिली. हे मे महिन्यातलं. गणपती झाल्यावर सप्टेंबरात आणायला गेले तेव्हा 6 मिळाली. त्यातल्या दोन चित्रांना बुरशी लागलेली. बाकी दोन चित्रांचा पत्ताच नाही.

माझ्याकडे पुरावा काय? व्हॉट्सॲपवर मी टाकलेलं "ताई, चित्रं आणून ठेवली" आणि त्यावर आलेला एक अंगठा.

चित्र कसं काढायचं ते तुम्हाला येतं, त्यात मी पडत नाही. चार-पाच वर्षं कॉलेजात आपण तेच करतो. चित्र स्टुडिओच्या दाराबाहेर गेल्यावर ते कोणाचं, किती दिवस, कोणाच्या भरवशावर, हे मात्र मला एकाही सरांनी सांगितलं नाही. आमचे एक ज्येष्ठ तर म्हणायचे, "चित्र चांगलं असेल तर बाकी सगळं आपोआप होतं." त्यांचं झालं असेल. त्यांना वडिलोपार्जित घर होतं आणि पगाराची नोकरीही. मी सकाळी पुस्तकांसाठी चित्रं काढते, संध्याकाळी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचे क्लास घेते आणि उरलेल्या वेळात टाक्या काढते. माझं काहीही आपोआप होत नाही.

जागेबद्दल थोडक्यात. महापालिकेची दालनं आहेत, बालगंधर्वचं आहे, घोले रोडवरचं राजा रविवर्मा आहे. तिथे भाडं भरायचं आणि विक्रीचा पैसा आपला. पण हुक, दोरी, शिडी, कार्यक्रमपत्रिका, चहा आणि दिवसभर राखण, सगळं आपल्याच गळ्यात. मित्रमंडळी असतील तर जमतं. दुसरा रस्ता म्हणजे गल्लीबोळातल्या खाजगी गॅलऱ्या. त्या भाडं घेत नाहीत, विक्रीतला वाटा घेतात, आणि त्यांच्याकडे येणारा माणूस घरात लावायला काहीतरी शोधतच आलेला असतो. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं मला अजूनही वाटतं, एवढं होऊनही. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीचा अर्ज खुशाल भरून ठेवा, पण नंबर लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका.

सहभाग शुल्क घेऊन ग्रुप शो भरवणाऱ्यांपासून लांब राहा. 40 जणांची 40 चित्रं दाटीवाटीने टांगायची, ट्रॉफी आणि प्रमाणपत्र वाटायचं, बघायला येणार त्या 40 जणांचेच आईवडील. मी दोनदा पैसे भरलेत, म्हणून बोलते आहे. ती प्रमाणपत्रं कपाटाच्या तळाशी कागदाऐवजी अंथरली आहेत.

गॅलरीत पहिल्यांदा जाल ते चित्रं दाखवायला जाऊ नका. चार-सहा महिने त्यांची प्रदर्शनं बघा. कोण येतं, काय किमती लागतात, संपल्यावर चित्रं कशी गुंडाळतात ते पाहा. हो, गुंडाळणंही पाहा. उद्घाटनाच्या दिवशी समईपाशी उभ्या असलेल्या मालकांच्या हातात आपला पोर्टफोलिओ कोंबणारे असतात, तसं करू नका.

आता पोच. मला जिथे लागलं ती हीच जागा, त्यामुळे जरा लांबण लागेल.

ती मालकीणबाई चोर नव्हती, हे आधी सांगते. निवृत्तीनंतर हौसेने गॅलरी चालवणारी, चहा स्वतः करून देणारी. हिशेब भाच्याकडे. तो आठवड्यातून दोन दिवस यायचा. माझ्यानंतर तिथे आणखी तीन जणांची प्रदर्शनं झाली, प्रत्येकाची उरलेली चित्रं एकाच मागच्या खोलीत भिंतीला टेकवलेली. एका इंटिरिअरवाल्याने माझी एक टाकी "क्लायंटकडे लावून बघतो" म्हणून नेली. कोणी दिली, कधी दिली, कोणालाच आठवेना. दुसरं चित्र कदाचित दुसऱ्याच कोणाच्या गठ्ठ्यात गेलं. मी विचारलं तेव्हा ती खरंच गोंधळली आणि म्हणाली, "अगं, पण तू नक्की किती आणली होतीस? नऊच ना?" तिथे मी हरले. 11 आणली होती हे मला माहीत होतं, आणि ते माझ्या तोंडाशिवाय कुठेच नव्हतं.

म्हणून एक साधा कागद. वकील नको, स्टॅम्प नको. वर दिनांक आणि दोघांची नावं. खाली प्रत्येक चित्राची एक ओळ: नाव, माध्यम, आकार (आधी उंची, मग रुंदी, आणि फ्रेमसकट की फ्रेमशिवाय ते), वर्ष, किंमत. "टाक्या मालिका, 11 नग" असं लिहू नका. मालिकेतली दोन हरवली तर कुठली दोन हे ठरवताच येत नाही. प्रत्येक चित्राच्या मागे, बॅकिंगवर (फ्रेमच्या पाठच्या पुठ्ठ्यावर), तोच क्रमांक पेन्सिलीने. द्यायच्या आधी पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचा फोटो, कारण फ्रेमचा कोपरा आधीच उडालेला होता की त्यांच्याकडे उडाला, हा वाद हमखास होतो.

मग गॅलरीचा वाटा. किती टक्के, आणि कशावर: पूर्ण किमतीवर की फ्रेमचे पैसे वगळून. आणि पैसे विक्रीनंतर किती दिवसांत.

मग परत करायची तारीख. ही ओळ मी आता दोनदा अधोरेखित करते. "प्रदर्शन संपल्यावर" असं लिहिलंत तर काहीच लिहिलं नाही असं समजा. संपतं म्हणजे कधी? शेवटच्या संध्याकाळी? चित्रं उतरवली त्या दिवशी? तुम्हाला वेळ झाल्यावर? नेमका दिनांक घाला, आणि त्यापुढे ठेवायची असतील तर नवी पोच, नव्या तारखेची. आणि शेवटी दोन वाक्यं: चित्र मला विचारल्याशिवाय गॅलरीबाहेर न्यायचं नाही, आणि ताब्यात असताना हरवलं किंवा खराब झालं तर माझ्या वाट्याची रक्कम गॅलरी देईल. दुसऱ्या वाक्यावर काही जण कुरकुर करतात. निम्म्या रकमेवर तडजोड झाली तरी चालेल, पण वाक्य राहू द्या.

दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या. परत घेताना त्याच कागदावर खूण करत चित्रं मोजून घ्यायची.

माझी मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "असं कागदबिगद मागितलं तर त्यांना वाटेल आपण विश्वास ठेवत नाही." अगदी हेच मलाही वाटलं होतं. आपण दूधवाल्याचा हिशेब कॅलेंडरवर मांडतो, इस्त्रीवाल्याला कपडे मोजून देतो, आणि दोन महिने खपून काढलेलं चित्र देताना संकोच वाटतो. रोज चांगलं काम करणाऱ्या गॅलरीवाल्यांकडे असा कागद छापलेलाच असतो, मागावाही लागत नाही. ज्यांच्याकडे नसतो त्यांच्याकडे तर तो हवाच.

किमतीची भानगडही याच कागदाच्या पोटातली. मालकीणबाईंनी विचारलं, "किती लावायची?" मी म्हटलं, "आठ हजार." मला म्हणायचं होतं हातात आठ. त्यांनी भिंतीवर आठ लावले. वाटा 40 टक्के. 8,000 मधून 3,200 गेले, राहिले 4,800. फ्रेम मी स्वतःच्या पैशाने केलेली, 1,600 ची. उरले 3,200, म्हणजे गॅलरीला जेवढे मिळाले तेवढेच मला, आणि त्यातून कागद-शाई अजून वजा व्हायचीच. हिशेब उलटा करायचा. हातात हवेत 8,000, फ्रेमचे 1,600, झाले 9,600. हे किमतीच्या 60 टक्के, म्हणून 9,600 ला 0.6 ने भागायचं: 16,000. भिंतीवर 16,000 लागले पाहिजेत. आकडा बघून छातीत धडकी भरत असेल तर फ्रेमचे पैसे वाट्यातून वगळायला सांगा, बरेच जण मान्य करतात. आणि तेच चित्र घरून ओळखीत स्वस्तात देऊ नका. पुण्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, दोन दिवसांत गॅलरीत कळतं.

विकल्यानंतरचं एक. माझी टाकी घेणाऱ्या एका गृहस्थांनी ती कंपनीच्या कॅलेंडरवर छापायची ठरवली, "चित्र आता माझंच आहे की" म्हणून. चित्र त्यांचं आहे. छापायचा हक्क माझा. 1957 चा कॉपीराइट कायदा असं सांगतो की हा हक्क लेखी आणि सहीनिशी दिला तरच जातो, नुसतं चित्र विकून जात नाही. मी हे फोनवर घाबरत घाबरत सांगितलं आणि त्यांनी निमूट वेगळे पैसे दिले. भांडण होईलच असं नसतं. अर्ध्या लोकांना फक्त ठाऊक नसतं.

कागदावर काम करणाऱ्यांनी बुरशीचं मनावर घ्या. माझ्या फ्रेमवाल्याने काच थेट कागदावर ठेवली होती आणि मी माउंटचे, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचे, पैसे वाचवले म्हणून खूश होते. पावसाळ्यात बंद खोलीत दमट हवा काचेच्या आत अडकली आणि कागद काचेला चिकटला. सप्टेंबरात उघडलं तेव्हा टाकीच्या काळ्या पोटावर राखाडी ठिपके, जवळून पाहिलं तर प्रत्येकाला बारीक केसाळ कडा, आणि काच उचलताना शाईचा एक पापुद्रा तिच्यासोबतच वर आला. माउंट हा काच आणि कागदात अंतर ठेवण्यासाठी असतो, शोभेसाठी नंतर. कागद फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी चिकटवा, कागदी पट्टीने, म्हणजे त्याला फुगायला-आकसायला जागा राहील. चारी बाजूंनी सेलोटेप मारणारा फ्रेमवाला असेल तर तो बदला, कितीही जुना असला तरी. आणि जूनच्या आधी चित्रं घरी आणा.

टांगणं फार कठीण नाही. सगळ्या चित्रांचा मध्य एका रेषेत ठेवा, जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर. लहान-मोठ्या फ्रेम्स वरच्या कडेने जुळवायला गेलात तर भिंत कलंडल्यासारखी दिसते.

आणि प्रदर्शनात स्वतः बसा. पूर्ण वेळ. दुपारी कोणी येत नाही, अभिप्रायाच्या वहीत "पुढील वाटचालीस शुभेच्छा" एवढंच जमत जातं, तिसऱ्या दिवशी वाटतं सगळं व्यर्थ आहे. मलाही वाटलं होतं. चौथ्या दिवशी एक प्लंबर कुंडीशेजारचा नळ दुरुस्त करायला आला, आत डोकावला आणि म्हणाला, "ही टाकी चुकीची काढलीय मॅडम, ओव्हरफ्लोचा पाइप इथून निघत नाही." त्याने बोटाने हवेत काढून दाखवलं. ते चित्र मी नंतर पुन्हा काढलं, आणि दुसऱ्या प्रदर्शनात सगळ्यात आधी लाल टिकली, म्हणजे विकलं गेल्याची खूण, त्याच्यावर लागली.

हरवलेल्या दोन चित्रांचं काय झालं? इंटिरिअरवाला सापडला, चित्र त्याच्या गोडाऊनमध्ये होतं, त्याने आणून दिलं. दुसरं अजून नाही. मालकीणबाईंनी दोन हजार देऊ केले, मी घेतले, आणि घेताना त्यांना पावती लिहून दिली. त्यांना त्याचं हसू आलं.

पोचेसाठी छापील फॉर्मच्या शोधात बसू नका. अप्पा बळवंत चौकातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत साधं डुप्लिकेट बुक मिळतं, पानांवर आधीच क्रमांक छापलेलं. कार्बन पेपर मात्र आठवणीने वेगळा मागून घ्या, सगळ्या बुकांत तो नसतो.