शस्त्रक्रियेनंतरच्या घरात गोधडी शिवताना : या चुका टाळा

आईच्या गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर पहिले काही आठवडे मी तिच्या खोलीत बसून गोधडी शिवली आणि नवशिक्याकडून होणाऱ्या बहुतेक चुका त्या काळात केल्या. त्यांतील काही टाक्यांच्या होत्या. पण अधिक महागात पडू शकल्या असत्या त्या चुका, गोधडी आणि रुग्ण एकाच खोलीत आहेत हे विसरल्यामुळे झाल्या.

सर्वांत मोठी चूक म्हणजे गोधडी रुग्णाच्या खोलीत जमिनीवर पसरणे. एरवी अनेक घरांत गोधडी अशीच अंथरून, कोपऱ्यांवर वजन ठेवून, तिच्यावरच बसून कडेकडून आत शिवत नेतात. परंतु जिथून वॉकर घेऊन न्हाणीघराकडे जायचे आहे, तिथे पसरलेल्या कापडात वॉकरचा पाय अडकायला क्षणही लागत नाही. म्हणून थर दुसऱ्या खोलीत अंथरावेत, वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालून ते पक्के करावेत आणि पुढचे काम खुर्चीत बसून, दोन्ही बाजूंच्या गुंडाळ्या करून करावे. मात्र अशा वेळी सुरुवात मध्यापासून करावी. मांडीवर कडेकडून आत येत गेल्यास सगळी सैल झालेली कापडे मधोमध गोळा होतात आणि तिथे पडलेल्या चुण्या उसवल्याशिवाय जात नाहीत.

कापडाचा हिशेब सोपा आहे. नऊवारी लुगडे सुमारे 8.2 मीटर भरते, त्याचे चार तुकडे केले की एकेरी गोधडीचे चार थर मिळतात. उत्साहाच्या भरात आणखी दोन-तीन लुगडी आत घातली, तर सुई जात नाही, बोटे सोलतात आणि ते ओझे अशक्त माणसाला पायांवर नकोसे होते. जरीचे काठ आधी उसवून घ्यावेत. सिंथेटिक साड्या आत घालू नयेत, कारण त्या सरकतात आणि घामही टिपत नाहीत. लाल, निळ्या कापडावर ओले पांढरे फडके घासून पाहावे. फडक्याला रंग लागला, तर ते कापड वेगळे धुऊन मगच वापरावे.

दोरा लांब घेण्याची चूक मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. पुन्हापुन्हा ओवण्याचा कंटाळा म्हणून मी दीड-दोन हात दोरा घेत असे. तो गुंतायचा, गाठ सोडवण्यात मान अडकायची आणि व्यायामाची वेळ टळून जायची. पुढे मी हातभरच दोरा घेऊ लागले आणि एक नियम केला, की दोरा संपला की सुई टोचणीच्या उशीत खोचून उठायचे, पाणी विचारायचे, पायाची सूज पाहायची. माझीही कंबर त्यामुळे वाचली. धावदोरा घालताना शेवटी जोराने ओढू नये, नाहीतर ओळ आकसते. ओळ आकसलीच, तर दोरा न तोडता कापड बोटांनी मागे सारून सैल करावे.

सुया मोजून काढाव्यात आणि मोजूनच ठेवाव्यात. सुईत कायम लाल दोऱ्याचे शेपूट असावे, म्हणजे ती चादरीवर पडली तरी दिसते. रुग्णाच्या पलंगावर बसून शिवू नये, हे वेगळे सांगायला नको. वेदनाशामक औषधांनी गुंगी येत असेल, तर रुग्णाच्या हाती सुई देऊ नये; ठिगळांचे रंग जुळवण्याचे काम द्यावे. आमच्याकडे त्यावरूनच रोज वाद होत आणि आईचेच खरे ठरे.

शिवलेली गोधडी घडी करून गुडघ्याखाली ठेवण्याचा मोह होतो. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो. त्यामुळे पायाला आधार कुठे आणि किती द्यायचा, हे फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवावे. नवी गोधडी एकदा गार पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून आणि झटकून मगच अंगावर द्यावी, कारण जुन्या सुताचे तंतू झडतात. जखम भरेपर्यंत ती पट्टीला लागणार नाही अशी कमरेच्या वरच पांघरावी.