झिरकोनियाच्या पट्टीतील कायमची विकृती कशी मोजावी

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पोलादाची ताणचाचणी नेहमीच होते. तीच रीत झिरकोनियाला, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकला, लावल्यास बहुधा पकडीतच पट्टी तुटते. म्हणून येथे चार आधारांवरची वाकचाचणी घ्यावी.

चिवट झिरकोनियाचे चतुष्कोणीय (टेट्रॅगोनल) स्फटिक पुरेसे प्रतिबल, म्हणजे दर क्षेत्रफळावरचा जोर, येताच एकनताक्ष (मोनोक्लिनिक) रूप घेतात आणि आकारमानाने सुमारे ४ टक्के फुगतात. तड्याच्या टोकाशी हेच फुगणे तड्याला आवळून धरते. १९७५ साली गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी हा परिणाम दाखवून दिला. तरीही चिवट म्हणजे तन्य, न तुटता कायमचे वाकणारे, नव्हे. यिट्रियायुक्त (यिट्रियम ऑक्साइड मिसळलेल्या) झिरकोनियाचा प्रतिबल-विकृती आलेख तुटेपर्यंत जवळजवळ सरळच राहतो. कायमची विकृती, म्हणजे भार काढल्यावरही टिकणारा आकारबदल, पाहायची असेल, तर मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) किंवा सिरिया (सिरियम ऑक्साइड) मिसळलेला प्रकार निवडावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

पट्टी ३ × ४ × ४५ मिलिमीटरची असावी. घासण्याच्या जोरानेही स्फटिकांचे रूपांतर होते, त्यामुळे ताण येणारी खालची बाजू हिऱ्याच्या पेस्टने सावकाश पॉलिश करावी, कडांची धार किंचित घासून मोडावी आणि त्या बाजूचा, स्फटिकांचे रूप दाखवणारा क्ष-किरण आलेख आधीच काढून ठेवावा. त्यानंतर त्याच बाजूच्या मध्यभागी स्ट्रेन गेज, म्हणजे विकृती मोजणारी पातळ पट्टी, चिकटवावा. मशीनने दाखवलेल्या सरकण्यावर विसंबू नये, कारण त्यात रोलर आणि चौकटीचे दबणेही मिसळलेले असते.

खालचे रोलर ४० आणि वरचे २० मिलिमीटर अंतरावर ठेवून, ३ मिलिमीटरची बाजू उभी धरल्यास, ३६० न्यूटन भाराला खालच्या पृष्ठावर ३०० मेगापास्कल प्रतिबल येते. लवचीकता गुणांक २०० गिगापास्कल धरला, तर गेजने ०.१५ टक्का विकृती दाखवायला हवी; प्रत्यक्ष आकडा बराच वेगळा आला, तर आधी गेजची चिकटण तपासावी. भार टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि प्रत्येक टप्प्यानंतर १० न्यूटनपर्यंत उतरवावा. उतरवल्यावरही जी विकृती शिल्लक राहते, तीच आपल्याला हवी आहे.

पाण्याची वाफ तड्यांना हळूहळू वाढवते. पावसाळ्यात पुण्याची हवा दमट असल्याने प्रत्येक चाचणीसोबत आर्द्रता नोंदवावी आणि उन्हाळ्यातील निकालांशी थेट तुलना करू नये. तुकडे वेगाने उडतात. चष्मा आणि पारदर्शक आडोसा हवाच.

शेवटी गेज काढून त्याच पृष्ठाचा क्ष-किरण आलेख पुन्हा घ्यावा. क्ष-किरण यंत्रात तांब्याच्या लक्ष्याची नळी असल्यास २८.२ आणि ३१.५ अंशांजवळची एकनताक्ष शिखरे आधीच्या आलेखापेक्षा किती उंचावली, हे शिल्लक विकृतीच्या शेजारी लिहावे.