तूप सोडलं, तरी ट्रायग्लिसराइड्स वरच? आधी भात-साखर मोजा

ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २१८ आले तेव्हा मी २८ वर्षांचा होतो. घरी पहिली कुऱ्हाड तुपावर पडली. आईने वरणावरची धार बंद केली. भाताचा डोंगर आणि दिवसाचे चार गोड चहा मात्र तसेच. तीन महिन्यांनी आकडा जागच्या जागी.

भात, पोळी, पोहे यांचं पोटात गेल्यावर ग्लुकोज होतं. स्नायू आणि यकृतातला साठा भरला की उरलेल्या ग्लुकोजची यकृत चरबी करतं आणि ट्रायग्लिसराइड्स म्हणून रक्तात सोडतं. साखरेतलं फ्रुक्टोज तर थेट यकृताच्याच गळ्यात पडतं. सोबत एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, बहुधा घसरतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र तूप-लोण्याने जास्त वाढतं, तेव्हा तूप निर्दोष सुटलं असं समजू नका.

१. रिपोर्ट नीट वाचा. उपाशीपोटी साखर १०० च्या आत, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी) ५.७ च्या खाली, ट्रायग्लिसराइड्स १५० च्या खाली. एचडीएल पुरुषांत किमान ४०, स्त्रियांत ५०. तरुणपणी स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन ओतून वेळ मारून नेतं, त्यामुळे साखर बरेचदा ठीकच दिसते. म्हणून ट्रायग्लिसराइड्सच्या ओळीवर बोट ठेवा.

२. चहातली साखर मोजा. चमच्यात साधारण ५ ग्रॅम. चार चहा, दोन-दोन चमचे, झाले ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ च्या आत राहा म्हणते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. एकदम फिका चहा चार दिवसही टिकत नाही, अनुभव आहे.

३. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी, एकच वाटी. या क्रमाने साखर सावकाश चढते. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण चार खाल्ल्या तर तेही पीठच.

४. उपवासाच्या दिवशी सावध. एकादशी दुप्पट खाशी हे उगाच म्हणत नाहीत. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, प्रथिनं नावाला. त्यात बटाटा, वर चिमूटभर म्हणत टाकलेली चमचाभर साखर. खिचडी करायचीच तर साबुदाणा निम्मा घ्या, दाण्याचं कूट सढळ हाताने घाला, बटाटा वगळा, सोबत वाटीभर बिनसाखरेचं दही. राजगिऱ्याची भाकरी त्याहून बरी.

५. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला.

६. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. एचबीए१सी साधारण तेवढ्याच काळाची सरासरी सांगतं. आदल्या रात्री दारू नको, सकाळी बारा तास उपाशी जा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील तर घरचे प्रयोग नकोतच, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

माझा पुढचा आकडा १६१ आला. तुपाची धार परतली, चमचाभर. भाताच्या दुसऱ्या वाढीवरून आईशी वाद अजून चालू आहे.