मिनी, लाइट, एसई… धाकटं मॉडेल घेताना या चुका टाळा

हाफ प्लेट मिसळ मागवली की फरसाण कमी येतं, कट तोच असतो. स्वस्तातलं छोटं मॉडेल घेतानाही आपण हाच हिशेब धरतो आणि तिथंच फसतो. नुसती वाटी लहान केलीय की कटातच पाणी घातलंय, हे नावावरून कळत नाही.

आयफोन १२ मिनी बघा. २०२० साली आला तेव्हा चिप आणि कॅमेरे मोठ्या १२ चेच होते. कमी होती ती बॅटरी: २८१५ च्या जागी २२२७ एमएएच. म्हणजे कट तोच. सेकंडहँड घेतलाय आणि दुपारीच मान टाकतोय? मग सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर फोन विकायची घाई नको, आधी बॅटरी बदला. उलट २०१९ चा निन्टेंडो स्विच लाइट, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमिंग यंत्र, टीव्हीला जोडताच येत नाही. टीव्हीला जोडायचा स्टँड, म्हणजे डॉक, वेगळा आणला तरी नाही. पोरांना मोठ्या पडद्यावर खेळायचं असेल तर ते वाचलेले पैसे वाचलेले नव्हेतच.

सगळ्यात महागात पडते ती लॅपटॉपमधली चूक. दसऱ्याच्या ऑफरमध्ये कोल्हापूरच्या राजारामपुरीतून भाचीसाठी लॅपटॉप आला. हलका, देखणा, दप्तरात मावणारा. मला विचारलं ते घेऊन झाल्यावर, हे आमच्या घरच्या रीतीला धरूनच. महिन्याभरात भाची दारात. "मामा, गेम-बिम सगळं काढून बसलोय, तरी ह्यो अपडेट घेईना झालाय."

उघडून बघितलं तर स्टोरेज ६४ जीबी, तीही ईएमएमसी, म्हणजे एसएसडीपेक्षा स्वस्त आणि संथ प्रकारची. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे. म्हणजे यंत्र काठावर पास झालेलं, अपडेटला जागा उरणार कुठून? शिवाय ईएमएमसीची चिप मदरबोर्डवरच डकवलेली असते, बऱ्याच एसएसडींसारखी काढून मोठी बसवता येत नाही. दुकानात "रॅम किती" एवढंच विचारलं होतं. विचारायला हवं होतं ते हे: स्टोरेज एसएसडी आहे का, आणि नसेल तर एसएसडीसाठी रिकामा स्लॉट तरी आहे का?

घेऊन बसला असाल तर हे करा. सेटिंग, सिस्टिम, स्टोरेज इथं जाऊन टेम्पररी फाइल्स उडवा. त्याआधी डाउनलोड्सवर टिक नाही ना बघा, नाहीतर नोट्सही जातील. फोटो-व्हिडिओ मेमरी कार्डावर हलवा. तरीही अपडेट अडलं तर रिकामा पेनड्राइव्ह लावा. जागा कमी पडली की विंडोज बाहेरचा ड्राइव्ह मागतं आणि तात्पुरता तो वापरतं.

टीव्हीचं गणित वेगळं. ३२ आणि ४३ इंचांत ११ इंचांचाच फरक दिसतो, पण ते माप कर्णाचं. पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ १.८ पट होतं. त्यात ३२ इंची बरेच सेट नुसते एचडी रेडी, म्हणजे फुल एचडीपेक्षा कमी बारकाव्याचे असतात. पूर्वी ३२ इंचांपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याहून मोठ्या टीव्हीवर २८ टक्के होता, म्हणून लोक ३२ वर थांबायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर १८ टक्केच आहे. जुना सल्ला धरून बसू नका. अर्थात दहा बाय दहाच्या खोलीत, कॉटवरून बातम्याच बघायच्या असतील तर ३२ इंच झकास.

आणि चित्र धुरकट दिसतंय म्हणून लगेच टीव्हीला शिव्या घालू नका. सेट-टॉप बॉक्सची मागची बाजू बघा. जुन्या टीव्हीची लाल-पिवळी-पांढरी वायर तशीच नव्या टीव्हीला लावलेली मी दोन घरांत बघितलीय. बॉक्स एचडी असेल तर एचडीएमआय केबल लावा, पॅकमध्ये एचडी चॅनेल आहेत का बघा, मग बोलू.