इंग्रजी पॅसिव्हचे विश्लेषण करताना या चुका टाळा

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पॅसिव्ह वाक्यांवर लिहिलेले निबंध उघडले की पहिल्याच पानावर ठरलेले चित्र दिसते: वर ॲक्टिव्ह वाक्य, मध्ये बाण, खाली सब्जेक्ट आणि ऑब्जेक्ट यांची अदलाबदल. शाळेत व्हॉइस बदलण्याचा जो सराव झालेला असतो, तोच अमेरिकन भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्कीच्या नावावर खपवला जातो. चॉम्स्कीने 1957 मध्ये मांडलेला नियम खरोखरच दुसरे नामपद पुढे आणत असे, पहिले 'बाय'सह शेवटी नेत असे आणि 'बी' या क्रियापदाबरोबर (इज, आर, वॉज ही त्याचीच रूपे) पास्ट पार्टिसिपलची खूण जोडत असे, हे मान्य आहे. मात्र 1981 मध्ये त्याच चॉम्स्कीच्या मांडणीत 'पॅसिव्ह' नावाचा स्वतंत्र नियमच उरला नव्हता आणि 1982 मध्ये भाषावैज्ञानिक जोन ब्रेझनन यांनी वाक्यात काहीही न हलवता, शब्दसंग्रहाच्या पातळीवरच पॅसिव्हचा उलगडा केला होता. एवढे सारे वगळून 'भाषावैज्ञानिकांच्या मते ऑब्जेक्ट पुढे सरकतो' असे सरसकट विधान करणे हा निव्वळ आळस आहे.

माझा सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक मात्र वेगळी आहे, आणि ती म्हणजे 'बी' आणि पास्ट पार्टिसिपल शेजारी दिसले की पॅसिव्ह मानणे. एका विद्यार्थ्याने वृत्तपत्रीय मजकुरातून अशा जोड्या शोधणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, मिळालेल्या आकड्यांचे सुबक तक्ते केले आणि त्यावरून लेखनशैलीविषयी ठाम निष्कर्षही काढला. मी तक्ते बाजूला ठेवून मूळ वाक्ये मागितली. सुरुवातीलाच 'ही वॉज टायर्ड' होते, त्याखाली 'दे आर गॉन' होते, आणि 'द डोअर वॉज क्लोज्ड' तर जागोजागी होते. उलट 'द रिपोर्ट पब्लिश्ड लास्ट वीक' यासारख्या पदबंधांत 'बी' नसल्यामुळे खरे पॅसिव्ह पार्टिसिपल असूनही ते प्रोग्रॅमच्या हाती लागले नव्हते. म्हणजे नको ते आत आले होते आणि हवे ते बाहेर राहिले होते, आणि निष्कर्ष त्यावर उभा होता.

त्या दाराचेच उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. 'द डोअर वॉज क्लोज्ड ॲट फाइव्ह बाय द गार्ड' यात दार लावण्याची घटना आहे. 'द डोअर वॉज स्टिल क्लोज्ड व्हेन वी अराइव्ह्ड' यात दाराची स्थिती आहे आणि 'क्लोज्ड' हे विशेषणाचे काम करते. भाषावैज्ञानिक टॉमस वासो यांनी 1977 मध्ये क्रियावाचक आणि विशेषणात्मक पॅसिव्ह यांतील हा फरक व्यवस्थित मांडला. 'बी'च्या जागी 'सीम' किंवा 'रिमेन' चालले तर विशेषणाची शक्यता बळावते. 'वॉज बीइंग क्लोज्ड' म्हणता आले तर घटना अभिप्रेत असते. 'अन' हा उपसर्गही उपयोगी पडतो, कारण 'अनपेंटेड' आहे, पण 'अनपेंट' असे क्रियापद प्रचारात नाही, म्हणजे 'अनपेंटेड' हे विशेषणच ठरते. मात्र ही कसोटी डोळे मिटून लावू नये: 'अनलॉक' हे स्वतंत्र क्रियापद असल्यामुळे 'द डोअर वॉज अनलॉक्ड' हे वाक्य संदर्भाशिवाय दोन्हीकडे झुकते. मी स्वतः कोणतीही मोजणी करण्यापूर्वी काही पाने वाक्यागणिक वाचतो आणि समासात पेन्सिलीने 'घटना', 'स्थिती' किंवा प्रश्नचिन्ह लिहितो. हे काम कंटाळवाणे आहे. ज्यांना ते टाळायचे असेल त्यांनी दुसरा विषय निवडावा.

दुसरी चूक अर्धवट वाचनातून येते. पॅसिव्हमध्ये ऑब्जेक्टला विभक्ती (चॉम्स्कीच्या सिद्धांतात प्रत्येक नामपदाला लागणारी, उच्चारात न दिसणारीही खूण) मिळत नाही, म्हणून तो सब्जेक्टच्या जागी जातो, एवढे पाठ केलेले असते. पण सब्जेक्टला मिळणारी थीटा भूमिकाही (म्हणजे क्रिया करणारा, भोगणारा अशी अर्थातली भूमिका) तेथे दाबली गेलेली असते आणि म्हणूनच ती जागा रिकामी सापडते, हे कोणी लिहीत नाही. विभक्तीचा मुद्दा पटवायचा असेल तर 'इट वॉज बिलीव्ह्ड दॅट द किंग हॅड फ्लेड' हे वाक्य घ्यावे. 'दॅट'ने सुरू होणाऱ्या उपवाक्याला विभक्तीची गरज नसते, त्यामुळे ते जागचे हलत नाही आणि पुढची जागा 'इट'ने भरली जाते.

दाबलेली भूमिका म्हणजे नाहीशी झालेली भूमिका नव्हे. 'द व्हास वॉज ब्रोकन टु डिस्ट्रॅक्ट द गार्ड' हे वाक्य चालते, कारण हेतू बाळगणारा कोणीतरी अर्थात शिल्लक आहे. 'द व्हास ब्रोक टु डिस्ट्रॅक्ट द गार्ड' हे खटकते, कारण तेथे असा कोणीच नाही. तरीही दुसऱ्या वाक्याला पॅसिव्ह म्हणणारे भेटतातच. क्रिया करणारा दिसत नाही म्हणून वाक्य पॅसिव्ह ठरत नाही. 'अ मिस्टेक ऑकर्ड' यात जबाबदारी कोणाचीच नाही, आणि वाक्य ॲक्टिव्हच आहे.

मराठीतील कर्मणी प्रयोग क्रियापदाच्या कर्माशी असलेल्या सुसंगतीवरून, म्हणजे लिंग-वचन जुळण्यावरून ठरतो. 'रामाने आंबा खाल्ला' हे त्यात बसते, पण तेवढ्यावरून त्याचे इंग्रजी रूप पॅसिव्ह ठरत नाही.

पॅसिव्ह केल्याने अर्थ बदलत नाही, असे लिहिण्यापूर्वी चॉम्स्कीच्या 1957 च्याच मांडणीतील 'एव्हरीवन इन द रूम नोज ॲट लीस्ट टू लँग्वेजेस' हे उदाहरण पाहावे. त्याच्या पॅसिव्ह रूपात सर्वांना त्याच दोन भाषा येतात, असाही अर्थ सहज लागतो.

'बाय' दिसले म्हणजे क्रिया करणारा सापडला, असेही नाही. 'द हाउस वॉज बिल्ट बाय द रिव्हर' यात नदीने घर बांधलेले नाही.

शेवटी व्याख्येविषयी. 'ऑब्जेक्टचा सब्जेक्ट होतो' असे लिहिणाऱ्यांना मी 'द बेड हॅड बीन स्लेप्ट इन' हे वाक्य देतो, कारण येथे पुढे आलेले नामपद क्रियापदाचे ऑब्जेक्ट नसून 'इन'चे आहे. उलट 'रिझेम्बल' आणि 'कॉस्ट' यांच्यापुढे नामपद असते, तरी 'हर मदर इज रिझेम्बल्ड बाय हर' असे कोणी म्हणत नाही. ही दोन्ही टोके ज्या व्याख्येत सामावत नाहीत, ती मी लाल शाईने खोडून परत देतो.