सीतेचा अशोक लावताय? या चुका टाळा

‘आमच्याकडे दहा अशोक आहेत’ असं कुणी सांगितलं की मी आधी पान मागतो. दहातल्या नऊ वेळा तो आसुपालव निघतो. सोसायटीच्या कंपाउंडला लागून उभा, सरळसोट, लांब पानांच्या कडा लाटांसारख्या आणि फुलं हिरवट. खरा सीतेचा अशोक डेरेदार असतो. त्याच्या एका देठावर पानांच्या चार-सहा जोड्या असतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये थेट जुन्या लाकडावरच केशरी-लाल गुच्छ फुटतात. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधाला साल लागते ती याची. ती पुरत नाही म्हणून बाजारात आसुपालवाचीही साल खपवतात. सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचे अशोक या सालीपायीच विरळ झालेत. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत हे झाड ‘असुरक्षित’ गटात आहे. तेव्हा नर्सरीत पाटी वाचू नका, पान बघा.

बिया डब्यात भरून ‘गणपतीनंतर लावू’ म्हणू नका. सुकल्या की त्या रुजत नाहीत. पावसाच्या तोंडाशी गळालेल्या ताज्या बिया लगेच पिशवीत टोचा. जंगलातून आणणार असाल तर ओंजळभर पुरे, आणि झाडाखाली उगवलेली रोपं उपटू नका. म्हातारं झाड गेल्यावर तिथे उभं राहायला तीच तर आहेत.

आता माझी चूक. पहिल्या रोपाला पालवी आली ती तांबूस, मऊ, ओल्या फडक्यासारखी खाली लोंबणारी. मला वाटलं, तहानलंय. दिवसातून दोन वेळा पाणी ओतत राहिलो. पंधरा दिवसांत मुळं कुजली. अशोकाची कोवळी पालवी लोंबतेच हो! हिरवी झाली की आपोआप ताठ होते. माती ओलसर हवी, पण पाणी साचता कामा नये. पहिली दोन-तीन वर्षं दुपारच्या उन्हात सावलीही हवी. मुळात हे ओढ्याकाठच्या गर्द सावलीतलं झाड.

सगळ्यात महागात पडते ती साल काढतानाची घाई. कोयत्यानं खोडाभोवती पूर्ण कडं सोललं की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. झाड काही महिने हिरवं दिसतं, म्हणून सोलणाऱ्याला वाटतं काही बिघडलं नाही. मग ते उभ्या उभ्या वाळतं. परसातल्या झाडाची साल लागलीच, तर छाटणीत निघालेल्या जाड फांद्यांची घ्या. खोडाला कोयता लावू नका.